मी पुसलेली तारीख

माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. ही गोष्ट मी प्रारंभीच नमूद करतो, कारण पुढचे वाचताना कोणीतरी ती हुडकून काढील आणि माझ्यासमोर नाचवील, ही संधी मी कोणालाही देऊ इच्छित नाही. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीच्या आवारात, मागच्या फाटकाशी, शिरीषाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. मी अर्जनवीस आहे. माणसे तोंडी जे सांगतात त्यातून रडणे आणि शिव्या वजा करून उरलेले मी कागदावर मांडतो. हे काम सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा स्वतःच्या भावाविरुद्धची तक्रार स्वतः लिहून पाहावी.

टंकलेखन यंत्र जाऊन संगणक आला, तेव्हा मी रीतसर शिकायला एका वर्गात गेलो होतो. तिथल्या बाईंनी दहावीची गुणपत्रिका मागितली. मी म्हणालो, "बाई, ती असती तर मी तुमच्याकडे आलो नसतो, तुमच्या जागी बसलो असतो." प्रवेश मिळाला नाही. मग मी एक जुना संगणक घेतला, कसबा पेठेतल्या माझ्या खोलीत तो मांडला आणि त्याच्यापुढे बसलो. आज मला जी सॉफ्टवेअरे येतात त्यांपैकी एकाचेही प्रमाणपत्र माझ्यापाशी नाही. ज्यांच्यापाशी आहे ते अडले की माझ्या टेबलाशी येतात आणि आजूबाजूला कोणी पाहत नाही ना याची खात्री करून विचारतात.

सुरुवात मराठी टंकनापासून झाली. त्या वेळचे मराठीचे सॉफ्टवेअर फसवे होते. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण आतून ते मराठी नसे. तो ठरावीक फाँट ज्या संगणकात आहे तिथेच ते वाचता येई. मी एकदा आमच्या पेठेतल्या एका गल्लीच्या पाण्याबद्दल सहा पानांचा अर्ज पेनड्राइव्हवर दिला. साहेबांच्या संगणकावर तो उघडला तेव्हा कंस, टक्केवारीची चिन्हे आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरे यांचा सडा पडला. साहेबांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि विचारले, "हा अर्ज कोणत्या देवाला आहे?" मी त्या दिवशी घरी गेलो आणि युनिकोड म्हणजे काय ते शोधून काढले. मग माझे सगळे जुने अर्ज एका रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले. ते यंत्र निम्मी जोडाक्षरे मोडून ठेवी. ती मी एकेक करून हाताने बसवली. एक पावसाळा त्यात गेला. आज माझ्याकडचा कोणताही अर्ज जगातल्या कोणत्याही संगणकावर मराठीतच उघडतो. हे किती कचेऱ्यांना सांगता येईल, हा प्रश्न मी विचारू शकतो, आणि विचारतोही.

त्यानंतर मी पानांची मांडणी करण्याचे सॉफ्टवेअर शिकलो. लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल छापणारे जे वापरतात ते. त्यात रेघ हलवली की सगळे पान हलते, चित्राभोवती मजकूर आपणहून वळसा घालतो. माझ्या मनात आले, सामान्य माणसाच्या अर्जाला ही शोभा का नसावी? मी दुहेरी चौकटीचे, कोपऱ्यात कोयऱ्या असलेले अर्ज काढू लागलो. माझ्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त कारकून बसतात. चाळीस वर्षे आवक-जावक विभागात काढून त्यांनी आता आवाराबाहेरून तोच विभाग चालवायला घेतला आहे. त्यांनी माझा पहिला कोयरीचा अर्ज हातात घेऊन चष्मा कपाळावर चढवला.

"अहो अर्जनवीस, ही तक्रार आहे की मुंज?"

"तक्रार आहे."

"मग आहेर आणू नये असं खाली लिहा. साहेब गोंधळतील."

मी कोयऱ्या काढल्या, चौकट ठेवली. ती आजही आहे.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले असे मी म्हणणार नाही. संगणक स्वच्छ करून देतो म्हणणारे एक सॉफ्टवेअर मी विश्वासाने घेतले. त्याने एका दुपारी अनावश्यक म्हणून माझे सगळे फाँट उडवले. संगणक स्वच्छ झाला, त्यातली मराठीही स्वच्छ झाली. दुसरे एक पीडीएफ आखडून देणारे. सरकारच्या प्रत्येक संकेतस्थळाला नागरिकाचे दुःख ठरावीक केबीच्या आत हवे असते. ते सॉफ्टवेअर इतके आखडायचे की घराच्या उताऱ्यावर घर राहिले तरी मालकाचे नाव पुसट व्हायचे. ती मर्यादा सांभाळून अक्षर वाचनीय ठेवणे ही कला आहे. मी तिच्यात पारंगत आहे आणि हे विनयाने सांगण्याचे मला काही कारण दिसत नाही.

अलीकडे तर माणसे मोबाइलवर आपोआप लिहून घेतलेले अर्ज घेऊन येतात आणि फक्त छापून मागतात. मी ते वाचतो. व्याकरण उत्तम असते, आदर ओतप्रोत असतो. फक्त अर्जदार त्यात नसतो. येरवड्याच्या एका गृहस्थाच्या अशा अर्जात त्याच्या छपरावर पडलेल्या झाडाविषयी पर्यावरणाचे महत्त्व होते. झाड कोणत्या वारी पडले आणि खाली कोण झोपले होते, हे नव्हते. मी त्याला बसवले आणि पुन्हा लिहून दिले. यंत्राला मी घाबरत नाही. त्याला अर्जदाराच्या पुढ्यात बसून विचारता येत नाही, मला येते. अशी माझी समजूत होती. पुढे ज्या प्रकरणाचे सांगणार आहे त्यात मी नेमके तेच केले नाही.

माझे सर्वांत आवडते सॉफ्टवेअर छायाचित्रांचे. त्याच्यात थर असतात. मूळ चित्र तळाशी ठेवायचे आणि प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर वेगळ्या काचेवर केल्यासारखी करायची. कोणतीही काच उचलली की खालचे जसेच्या तसे दिसते. ज्याने हे योजले त्याने कधीतरी कार्बन लावून अर्ज केला असला पाहिजे. मी या सॉफ्टवेअरवर मयताच्या दाखल्याला लावायच्या फोटोतला शर्ट बदलला आहे, अंधारात काढलेल्या पासपोर्ट फोटोला उजेड दिला आहे. एका आजींच्या कपाळावर स्टेपलरच्या पिनेचे भोक पडले होते, तेही बुजवले आहे. लोक आपला चेहरा नीट झालेला पाहून खुर्चीत सरळ बसतात. हे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

हडपसरहून एक शिवणकाम करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या त्या अशा काळात. मूळच्या पूर्वेकडच्या, वऱ्हाडातल्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर कारखान्याच्या कामासाठी इकडे आल्या, आणि तो गेल्यावर त्याने घालून दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन चालवत राहिल्या. त्या रस्त्याचे रुंदीकरण निघाले होते. शेड जाणार हे ठरले होते. ठरावीक सालाच्या आधीपासून जागेवर धंदा आहे असे जे सिद्ध करतील त्यांना नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, बाकीच्यांना नाही. बाईंच्या शेडला वीजजोडणी नंतर आली, परवाना त्याहून नंतर. जुना पुरावा त्यांच्याकडे एकच होता. शेड उभी राहिली त्या दिवशी नवऱ्याला पुढे उभे करून काढलेला एक फोटो.

तो त्यांनी पदराच्या आतून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढला. पत्र्याची शेड, वर करड्या रंगाचे आभाळ, डाव्या बाजूला दोरीवर वाळत घातलेले कपडे, पुढ्यात एक बकरी, आणि मध्ये ताठ उभा असलेला बारीक माणूस. उजव्या कोपऱ्यात, रीळ घालायच्या कॅमेऱ्यावर उमटायचे तसे, नारिंगी आकड्यांत दिवस, महिना, साल.

मी संकेतस्थळावरचा अर्ज उघडला. एका रकान्यात धंदा सुरू झाल्याचा दिनांक मागितला होता. मी फोटोच्या कोपऱ्यातून वाचून तो भरला. पुढच्या रकान्यात फोटो जोडायचा होता आणि सूचना होती, छायाचित्र स्वच्छ व सुस्पष्ट असावे. आता माझ्या धंद्यातली एक सवय सांगणे भाग आहे. अर्जावर खाडाखोड चालत नाही. समासात खरडलेले चालत नाही. एकच बाब दोन ठिकाणी आली तर एक ठिकाण गाळायचे, नाहीतर दोन्हींत फरक शोधण्यात कचेरी वर्ष घालवते. त्या शिस्तीत मी वाढलो. तारीख रकान्यात नोंदली गेली होती. फोटोच्या कोपऱ्यात तिचे काम संपले होते. आता ती केवळ एक नारिंगी डाग होती.

मी तो डाग पुसला. पुसण्याचे साधन इतके उत्तम आहे की तिथे मागचे गवत अलगद पसरले. हात लागलाच होता म्हणून मी दोरीवरचे कपडे काढले, बकरी काढली आणि करड्या आभाळाच्या जागी निळे आभाळ घातले. ते आभाळ माझ्याच संग्रहातले आहे, सिंहगडाच्या वाटेवर मी स्वतः टिपलेले. प्रत छापून मी बाईंपुढे ठेवली आणि त्या काय म्हणतात याची वाट पाहिली.

त्यांनी ती हातात धरली. पुढ्यातल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले.

"बकरी कुठं गेली जी?"

"काढली."

"काहून? तिनं काय केलं तुमचं?"

"बाई, हा सरकारी पुरावा आहे. यात बकरी कशाला?"

"होती म्हून. तिचं दूध इकून तर पत्रे आनले होते यायनं." मग त्या जरा हसल्या. "आभाळ मात्र झ्याक हाये. असं आभाळ तिथं कधी पायलं नाई मी."

मी हे प्रशंसा म्हणून स्वीकारले आणि अर्ज दाखल केला. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिले नाही. मी विचारले नाही. तारीख पुसू का, एवढा एक प्रश्न होता.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता आणि त्या बसल्या नाहीत. मी कागद वाचला. अर्जात नमूद दिनांकास छायाचित्रात कोणताही आधार आढळत नाही. छायाचित्रात फेरफार केल्याचे दिसून येते. अर्जदाराने मूळ छायाचित्रासह सुनावणीस उपस्थित राहावे, अन्यथा अर्ज अपात्र ठरवण्यात येईल. पत्र्याच्या कडेला माझ्या आभाळाची एक पातळ निळी रेघ राहिली होती, तेवढ्यावरून कोणीतरी ओळखले होते. ज्याने ओळखले त्याची नजर चांगली होती, हे मान्य करावेच लागेल.

"मंग मूळ फोटो दाखवला का झालं," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर तारीख हायेच न?"

मी नकारार्थी मान हलवली, कारण त्या क्षणी मला जे दिसले ते त्यांना दिसले नव्हते. कचेरीकडे दाखल असलेल्या फोटोत तारीख नव्हती. बाई आता जो आणतील त्यात ती असेल. खुर्चीवर बसलेला माणूस काय समजेल? पहिला खरा, आणि गाळ्यासाठी तारीख नंतर उमटवून आणली, हेच. माझ्या सफाईने त्यांचा एकमेव पुरावा बनावट करून ठेवला होता.

हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"कायले पुसली तुमी?"

"मला वाटलं, रकान्यात भरली आहे तर..."

"मले इचारलं असतं तं मी सांगतली असती. तो दिवस हाये त्यो. त्या दिवशी यायनं शेडसाठी धरलेला उपास सोडला होता." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. "त्यो गाळा नाई भेटला तं मी मशीन कुठं ठेवू? पोरीच्या घरी? जावयाच्या दारात?"

शेजारचे निवृत्त कारकून सगळे ऐकत होते. ते ऐकत नाहीत असा एकही दिवस नसतो. बाई गेल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"यात अवघड काय आहे? सॉफ्टवेअरवर ढकला. आपोआप दुरुस्ती झाली, आम्हाला कळलंच नाही, असं म्हणा. हल्ली सगळं आपोआप होतं. साहेबांचा मोबाइलसुद्धा त्यांना न विचारता त्यांचं तोंड गोरं करतो."

"ते आपोआप झालं नाही. मी केलं."

"ते मला कळलं. साहेबांना कशाला कळायला हवं? तुम्ही बसता ती जागा परवान्यावर आहे, हे लक्षात आहे ना? पुराव्यात फेरफार, असा शेरा एकदा बसला की हे झाड आणि मी, दोघंच उरू."

मी विचार केला. प्रामाणिकपणे सांगतो, एक पूर्ण दिवस केला. आणि मला दोन गोष्टी पटल्या. पहिली अशी, की आपोआप झाले असे म्हटले तर कचेरी फोटो तज्ज्ञाकडे पाठवील, तज्ज्ञ सवडीने पाहील, आणि गाळ्यांची यादी त्याच महिन्याअखेर बंद होणार होती. दुसरी माझी स्वतःची. इतकी वर्षे मी या सॉफ्टवेअरांच्या पुढे बसून एकेक गोष्ट शिकलो, कोणाचा हात धरला नाही, कोणाचे प्रमाणपत्र मागितले नाही, आणि आज अंगावर आले म्हणून मी म्हणू, की मला काय कळते, यंत्राने केले? ज्या बाईंनी मला वर्गात घेतले नाही त्यांचेच म्हणणे मग खरे ठरत होते. ते मी ठरू देणार नव्हतो.

सुनावणीच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घातला आणि लॅपटॉप घेऊन बाईंबरोबर गेलो. अधिकारी बाई होत्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. टेबलावर दाखल केलेला फोटो ठेवून त्या आमची वाट पाहत होत्या. हडपसरच्या बाईंनी पिशवीतला मूळ फोटो काढून त्याच्या शेजारी ठेवला.

"आपण कोण?"

"अर्जनवीस. हा अर्ज मी लिहिला, हा फोटो मी दुरुस्त केला."

"दुरुस्त?" त्यांनी निळ्या आभाळावर पेन टेकवले. "बकरी नादुरुस्त होती का?"

मी लॅपटॉप उघडला. थरांची फाइल मी राखून ठेवली होती. मूळ कधीही टाकायचे नाही, हा माझा नियम आहे. मी एकेक थर उचलून दाखवला. निळे आभाळ गेले, करडे आले. दोरीवर कपडे आले. बकरी आली. शेवटचा थर उचलला तेव्हा कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटले. शेजारी बसलेल्या बाईंनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मलाही आपल्या कामाचा अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. इतकी स्वच्छ फाइल त्या कचेरीत कोणी पाहिली नसेल.

अधिकारी बाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हे तुम्ही परवा बसून केलं नाही, कशावरून?"

"फाइलवर दिनांक आहे."

"संगणकाचं घड्याळ मागे नेता येतं, हे मलासुद्धा माहीत आहे. तुम्ही बकरी नाहीशी करू शकता, तर तारीख आणूही शकता. तुम्हाला येतं म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. कळतंय का?"

कळत होते. आयुष्यात प्रथमच मला येते ही गोष्ट माझ्या विरुद्ध उभी होती. मी लॅपटॉप मिटला.

"मग लेखी घ्या," मी म्हणालो.

"काय लिहून देणार?"

"तारीख मूळ फोटोत होती. ती मी पाहिली, वाचली, रकान्यात भरली आणि मग पुसली. अर्जदाराला विचारलं नाही. अर्जदाराला कळवलंही नाही."

"चुकून पुसली, असं लिहा."

"चुकून नाही पुसली, बाई. नीट पुसली."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. "हे बघा, मी सांगते ते ऐका. चुकून म्हणालात तर मला हे तपासायला पाठवावं लागेल, त्यात यांचा वेळ जाईल. जाणीवपूर्वक म्हणालात तर यांचं काम आज होईल. स्वतःच्या विरुद्ध असं खोटं कोणी लिहून देत नाही. पण मग पुराव्यात फेरफार केल्याबद्दल तुमच्या नावानं वर कळवणं मला भाग आहे. तुमच्या परवान्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

शेजारच्या बाईंनी माझ्या बाहीला हात लावला. "भाऊ, नका लिवू. पाहू दुसरं काई."

"दुसरं काही नाही," मी म्हणालो.

मी कोरा कागद मागितला. लॅपटॉप होता, छापायची सोय होती, तरी मी हाताने लिहिले. कारण टंकलेले कोणाचेही असू शकते आणि मला ते माझे आहे असे दिसायला हवे होते. माझे अक्षर आठवीतले आहे, ते तिथून पुढे गेलेले नाही. दुसऱ्यांच्या वतीने मी हजारो पाने लिहिली आहेत. त्यांत 'मी' हा शब्द प्रत्येक ओळीत येतो आणि तो कधीही मी नसतो. त्या दिवशी 'मी' लिहिताना पेन अडखळले. पण पुढे सुरळीत चालले. खाली मी सही केली आणि सहीखाली हुद्दा लिहिला. अर्जनवीस. ठळक.

अधिकारी बाईंनी मूळ फोटो उलटा केला, मागचा पिवळा कागद आणि त्याला चिकटलेली अल्बमच्या काळ्या कागदाची फाटकी कोर पाहिली, माझे निवेदन वाचले आणि शेरा मारला. मूळ छायाचित्र ग्राह्य. अर्जदार पात्र. दुसऱ्या एका कागदावर त्यांनी माझे नाव लिहून घेतले. तो कागद कुठे जाणार हे मला ठाऊक होते आणि तो तिथेच गेला.

नोटीस पंधरवड्यात आली. आवारात बसण्याचा परवाना रद्द का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा, सुनावणीस हजर राहावे. शेजारच्या निवृत्त कारकुनांनी ती माझ्या आधी वाचली, कारण टपाल त्यांच्याच टेबलावरून पुढे येते.

"भाषा चांगली आहे," ते म्हणाले. "मसुदा माझ्या वेळचा दिसतो."

मी खुलासा लिहायला घेतला. चार पाने झाली. त्यात मी माफी मागितली आहे, पण नेमकी एका गोष्टीची. अर्जदाराला न विचारता त्यांच्या पुराव्याला हात लावला, याची. सॉफ्टवेअर शिकलो याची नाही, वापरतो याचीही नाही. ज्या माणसांना दाखल्यावर स्वतःचा चेहरा ओळखू येत नव्हता त्यांना तो ओळखू येईल असा करून दिला, याची तर मुळीच नाही. यापुढे कोणत्याही कागदावर वा छायाचित्रावर काही करण्यापूर्वी मूळ आणि बदललेले असे दोन्ही अर्जदारापुढे ठेवीन आणि त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही, असे मी लिहिले. तशी एक साधी नमुना-पावती मी तयार केली आहे आणि रोज वापरतोही. परवानगी कोणाची मागितली नाही. परवान्यासाठी शालेय शिक्षणाची अट नाही हेही मी एका परिच्छेदात दाखवून दिले, कारण तो मुद्दा कोणीतरी काढणारच.

खुलासा संपत आला तेव्हा हडपसरच्या बाई आल्या. पात्र लोकांच्या यादीत नाव लागल्याचे त्यांना मोबाइलवर कळले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसला नाही. त्या आज विचारल्याशिवाय खुर्चीत बसल्या.

"तुमाले नोटीस आली म्हनते. माह्यामुळं?"

"तुमच्यामुळे नाही. माझ्या हातामुळे."

"हो, हातानंच केलं तुमी." त्यांनी ते नाकारले नाही आणि मला ते आवडले. "कधी हाये सुनावनी?"

"येत्या मंगळवारी."

"मंग मी येते."

"तुमचं काम झालं आहे, बाई. तुम्ही कशाला?"

"माह्या सुनावनीले तुमी आले होते न? तसंच." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली, स्वतःचे घर असल्यासारखी. "मी सांगीन सायबाले. यायनंच पुसली. अन् यायनंच सांगतलं का मी पुसली म्हून. दोनी सांगीन. एकच नाई सांगनार."

शेजारचे निवृत्त कारकून खाकरले. "बाई, साक्षीला बोलवायचं तर नाव लेखी द्यावं लागतं. तोंडी चालत नाही इथं."

"मंग लिवा न," त्या मला म्हणाल्या. "तुमीच लिवता न इथं?"

खुलाशाच्या शेवटी साक्षीदारांचा रकाना असतो. मी दुसऱ्यांसाठी तो हजार वेळा भरला आहे आणि माझ्या कागदावर तो कोराच सोडला होता, कारण त्यात कोणाचे नाव घालावे हे मला सुचले नव्हते. मी त्यांना त्यांचे पूर्ण नाव विचारले. अर्जात ते आधी लिहिले होते, मला पाठ होते, तरी विचारले. त्यांनी सांगितले, मी टंकले, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

त्यांनी पुढे वाकून वाचले. "हे बराबर हाये. ठेवा."